शिळे पाणी ओतू नका
घरातले आणि परसातले पाणी राखण्याचे उपाय



आज आपण उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातल्या पाण्याविषयी बोलणार आहोत. धरण कुठे बांधावे, नळयोजना कशी आखावी हा आजचा विषय नाही. नळातून आपल्या हंड्यात पडलेले पाणी मोरीवाटे गटारात जाईपर्यंत त्याच्याकडून किती कामे करून घेता येतील, आणि आभाळातून पडलेले पाणी अंगणातून नाल्यात जाण्याआधी किती थोपवता येईल, एवढेच आपण पाहू. या गोष्टी घरातल्या माणसांच्या हातातल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेकींना पैसा लागत नाही.

पाऊस भरपूर, तरी टंचाई का?

आपला मुलूख काही कोरडा नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे साधारण अडीच हजार मिलिमीटर, म्हणजे शंभर इंच पाऊस पडतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला एवढा पूर आला की बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. आणि याच पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पाणीकपात होते, आठवड्यातला एखादा दिवस नळ कोरडा राहतो, टँकरमागे माणसे धावतात.

असे का होते? पहिले कारण जमिनीचे. सह्याद्रीचा पायथा जवळ आणि उतार मोठा. मातीचा थर पातळ, खाली काळा पाषाण. या खडकात पाणी मुरते ते फक्त फटींमधून आणि झिजलेल्या मुरुमातून. म्हणून पावसाचे पाणी ओढ्यानाल्यांतून बघता बघता नदीला आणि नदीतून खाडीला मिळते. दसऱ्याला काठोकाठ भरलेली विहीर होळीला तळ दाखवते, ती यामुळे.

दुसरे कारण माणसांचे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी इथे कल्याण कॅम्प ही लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींतून आसरा दिला गेला आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे अंबरनाथला कारखाने वाढले, बदलापूरला नोकरदारांची घरे झाली. तिन्ही गावे वाढत गेली. नदी मात्र तेवढीच राहिली.

नळाचे पाणी येते कुठून?

हे प्रत्येक घरातल्या मुलालासुद्धा माहीत असावे. उल्हास नदी बोरघाटाच्या डोंगरांत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूरवरून वाहत जाते. उन्हाळ्यात खरे तर ही नदी फार बारीक झाली असती. तिला बारमाही पाणी राहते याचे एक मोठे कारण भिवपुरीचे वीजकेंद्र. घाटावर मावळात आंध्रा नदी अडवून ठोकरवाडीचे धरण झाले आणि तिथले पाणी कोकणच्या बाजूला उतरवून १९२२ पासून भिवपुरीला वीज तयार होऊ लागली. वीज झाल्यावर ते पाणी उल्हास नदीत सुटते. म्हणजे आपण उन्हाळ्यात पितो त्यातले काही पाणी मुळात घाटावरचे आहे.

दुसरा आधार बदलापूरजवळच्या बारवी धरणाचा. हे धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली बांधले. पुढे टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढवली, आणि त्यासाठी तिथल्या गावांना आणि आदिवासी पाड्यांना आपली घरे-शेते सोडावी लागली. बारवीचे पाणी उल्हासात येते, जांभूळ येथे शुद्ध होते आणि पुढे कारखान्यांना व शहरांना जाते. उल्हासनगरला स्वतःचे धरण नाही. तिथला नळ याच पाण्यावर अवलंबून आहे. याच नदीतून कल्याण-डोंबिवली, ठाणे अशी मोठी शहरेही पाणी उचलतात. म्हणून उन्हाळ्यात पाटबंधारे खात्याला हिशेब घालावा लागतो, की आहे तो साठा १५ जुलैपर्यंत पुरला पाहिजे.

तेव्हा आपल्या नळाला येणारे पाणी कोणी तरी डोंगरात अडवले, त्यासाठी कोणाची तरी शेते बुडाली, आणि ते वीज जाळून आपल्या दारी आणले, हे ध्यानात ठेवूनच पुढचे ऐका.

घरचा हिशेब

शहरात एका माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागते असे धरून नळयोजना आखल्या जातात. त्याची जुनी ठरलेली वाटणी अशी आहे :

आंघोळ – ५५ लिटर
संडास – ३० लिटर
कपडे – २० लिटर
भांडी – १० लिटर
घर धुणे-पुसणे – १० लिटर
स्वयंपाक – ५ लिटर
पिणे – ५ लिटर

आता हे आकडे नीट बघा. १३५ लिटरपैकी पिण्याच्या लायकीचे पाणी खरोखर लागते ते फक्त शेवटच्या दोन कामांना, म्हणजे १० लिटर. बाकीच्या कामांपैकी संडास, फरशी, अंगण, झाडे यांना एकदा वापरलेले पाणीही चालते. पाणी वाचवायचे म्हणजे तहान मारायची किंवा आंघोळ सोडायची नाही. चांगले पाणी चांगल्या कामाला आणि वापरलेले पाणी उरलेल्या कामाला, एवढेच करायचे.

यासाठी आठ दिवस एक गोष्ट करा. आपला हंडा, बादली, पिंप यांत किती लिटर पाणी मावते ते एकदा लिटरच्या बाटलीने मोजून त्यावर रंगाने आकडा लिहून ठेवा. मग रोज किती हंडे, किती बादल्या लागल्या त्याच्या रेघा भिंतीवरच्या कॅलेंडरवर मारा. चार दिवसांत तुमचे तुम्हालाच दिसेल की पाणी कुठे जाते.

शिळे पाणी

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आपल्याकडे नळाला पाणी आले की घरची बाई पहिले काम कोणते करते? कालचे भरलेले पाणी ओतून देते. हंडे घासते, पिंप रिकामे करते आणि ताजे पाणी भरते. कालचे पाणी ‘शिळे’ झाले असे आपण मानतो. आईने केले, सासूने केले, म्हणून आपणही करतो.

पण अन्न शिळे होते तसे पाणी एका रात्रीत शिळे होत नाही. ज्या पाण्याला आपण ताजे म्हणतो ते धरणात कित्येक महिने साठलेले असते, मग जलकुंभात थांबते, मग नळात येते. स्वच्छ घासलेल्या भांड्यात झाकून ठेवलेले, ज्यात कोणाचा हात बुडालेला नाही असे नळाचे पाणी दोन-तीन दिवस खुशाल वापरावे. पाणी खराब होते ते झाकण नसल्याने, तांब्या धरलेली बोटे बुडवल्याने आणि भांडे न घासल्याने. दिवस उलटला म्हणून ते खराब होत नाही.

एका घरात रोज दोन हंडे आणि अर्धे पिंप ओतले जाते असे धरा. सहज ६०-७० लिटर झाले. पन्नास घरांच्या चाळीत तीन हजार लिटरच्या वर चांगले, शुद्ध केलेले पाणी रोज सकाळी गटारात जाते. आणि त्याच वेळी जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेली बाई रिकामा हंडा घेऊन उभी असते.

तेव्हा असे करा. पिण्याच्या पाण्याला झाकण आणि लांब दांड्याचा ओगराळा ठेवा, किंवा तोटीचे भांडे घ्या. उरलेले पाणी ओतायचेच असेल तर ते कपडे भिजवायला, भांड्यांच्या पहिल्या धुण्याला किंवा झाडांना द्या. वहिनी, ते मोरीत ओतू नका. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले तर तुरटी फिरवून निवळू द्या, गाळून घ्या आणि पिण्याचे तेवढे चांगली उकळी आणून वापरा.

मात्र एक खबरदारी घ्यायला हवी. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचे डास तयार होतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून बसतात, नुसते पाणी ओतून ती जात नाहीत. म्हणून आठवड्याचा एक दिवस ‘कोरडा दिवस’ ठरवावा. त्या दिवशी सगळी भांडी रिकामी करून काथ्याने कडा घासाव्यात आणि कोरडी करून मगच भरावीत. पिंपाला कापड घट्ट बांधावे. कोरड्या दिवशी निघालेले पाणी कपड्यांना आणि झाडांना वापरावे.

गळका नळ आणि नळाला लावलेली मोटार

टिपटिप गळणाऱ्या नळाखाली रात्री झोपताना एक भांडे ठेवा आणि सकाळी मोजा. ताशी एक लिटर जरी गळत असेल तरी दिवसाचे २४ लिटर आणि वर्षाचे पावणेनऊ हजार लिटर होतात. बहुतेक वेळा बिघाड रबरी वॉशरचा असतो. तो थोडक्या पैशांत मिळतो आणि पान्हा असेल तर घरीच बदलता येतो. संडासाच्या टाकीत गळती आहे का हे पाहायचे असेल तर टाकीच्या पाण्यात थोडी हळद कालवा आणि पंधरा मिनिटे पाणी सोडू नका. भांड्यात पिवळे पाणी उतरले तर गळती आहे असे समजावे. टाकी जुनी, मोठी असेल तर पाणी भरून बूच लावलेली लिटरची बाटली तिच्यात उभी ठेवा. दर खेपेला एक लिटर वाचेल. विटेचा तुकडा टाकू नका, तो विरघळून झडप बिघडते.

गच्चीवरची टाकी भरून वाहते आणि खाली कोणाला पत्ता नसतो, हे आपण रोज पाहतो. टाकीतला तरंगता गोळा, ज्याला बॉलकॉक म्हणतात, तो नीट आहे का हे महिन्यातून एकदा पाहावे. सोसायटीत हे काम कोणाचे, ते नावानिशी ठरवून टाकावे. सगळ्यांचे काम म्हटले की ते कोणाचेच राहत नाही.

आता थोडे कडू बोलतो. काही घरी नळाला थेट मोटार लावून पाणी ओढतात. त्यांना वाटते, आपल्याला दोन बादल्या जास्त मिळाल्या. पण त्याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे पुढच्या घरांचा दाब पडतो आणि शेवटच्या घराला धारसुद्धा मिळत नाही. दुसरा याहून वाईट. मोटारीने ओढ लागली की जलवाहिनीतले पाणी आतल्या आत खेचले जाते आणि जिथे नळ फुटका असेल, सांधा सैल असेल, तिथून बाहेरचे घाण पाणी आत शिरते. आपल्या गल्ल्यांतून पाण्याचा नळ आणि सांडपाण्याचे गटार किती ठिकाणी शेजारी शेजारी जातात, ते तुम्ही जाणताच. कावीळ, हगवण, विषमज्वर हे रोग अशा वाटेने घरात येतात, आणि मोटार लावणाऱ्याच्या घरीही येतात. मोटार हवीच असेल तर ती जमिनीतल्या टाकीतून वर पाणी चढवायला वापरावी. नळाला कधीही जोडू नये.

मोरी आणि स्वयंपाकघर

१. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी एका पातेल्यात जमवा. यात मीठ-साबण नसतो. तुळस, कढीपत्ता, मिरची यांना हे पाणी थेट चालते.

२. भांडी वाहत्या नळाखाली धुऊ नका. खरकटे आधी काढून टाका. दोन टब ठेवा, एकात पहिले धुणे आणि दुसऱ्यात शेवटचे. दुसऱ्या टबातले पाणी पुढच्या खेपेला पहिल्या टबात जाते.

३. कपड्यांचे शेवटचे खळबळलेले पाणी ओतू नका. दुसऱ्या दिवशीचे कपडे त्यात भिजवा, किंवा संडासात आणि फरशी धुवायला वापरा. धुण्याचे यंत्र असेल तर ते भरल्याशिवाय लावू नका आणि त्याची नळी बादलीत सोडा.

४. आंघोळ बादली-तांब्याने करा. एका बादलीत भागते. फवाऱ्याखाली उभे राहिले की किती गेले ते कळतच नाही. दात घासताना आणि दाढी करताना तांब्या भरून घ्या.

५. पाहुण्याला पेला अर्धा भरून द्यावा आणि तांब्या शेजारी ठेवावा. पेल्यात उरलेले पाणी कुंडीत जावे.

६. हल्ली घरोघर आरओ पद्धतीची पाणी शुद्ध करणारी यंत्रे आली आहेत. अशी बरीच यंत्रे एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतात. ते पाणी बादलीत धरा आणि भांडी, फरशी, संडास यांना वापरा. त्यात क्षार जास्त असतात, म्हणून कुंड्यांना रोज देऊ नका. आणि यंत्र घेण्याआधी आपल्या पाण्यातले क्षार तपासून घ्या. लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तर या प्रकारच्या यंत्राची गरज नसते. गाळणे आणि उकळणे, किंवा साधे जंतुनाशक यंत्र पुरते.

परसबाग : मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ

आपल्या जुन्या घरांत मोरीचे पाणी जिथे बाहेर पडे तिथे अळूचा वाफा आणि केळीचा गड्डा असायचाच. अळूचे फदफदे, केळफुलाची भाजी आणि नैवेद्याला केळीचे पान, सगळे सांडपाण्यावर येई. ही रीत शास्त्रालाही धरून आहे. अळू, केळ आणि कर्दळ या झाडांना पाणी भरपूर लागते आणि थोडा साबण त्यांना सोसतो.

मोरीचा निचरा बागेकडे वळवायचा तर असा करावा. मोरीच्या तोंडाशी जाळी बसवावी. पुढे दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घ्यावा. तळाला विटांचे तुकडे, त्यावर खडी, वर जाड वाळू भरावी. पाणी त्यातून गाळून आळ्यात जाऊ द्यावे. वरच्या वाळूवर तेलकट थर धरतो, तो महिन्याने काढून टाकावा. पाणी कुठेही साचून राहता कामा नये. साचले तर डास होतात आणि मुळे कुजतात.

कोणते पाणी झाडांना चालते, तेही ऐका. आंघोळीचे चालते. कपड्यांचे शेवटचे पाणी चालते. धुण्याच्या पावडरीचे पहिले, फेसाळ पाणी, ब्लीचिंगचे किंवा फिनेलचे पाणी बिलकूल नको. संडासाचे पाणी बागेत वळवू नये. कोथिंबीर, मुळा, पालक अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या किंवा जमिनीलगतच्या भाज्यांना साबणाचे कोणतेच पाणी देऊ नये, त्यांना तांदळा-डाळीचे धुवण द्यावे. आठवड्यातून एकदा साधे पाणी देऊन साठलेला क्षार धुऊन काढावा.

पाणी देण्याची रीत

झाड पाणी पिते ते मुळांनी, पानांनी नव्हे. नळीने उंचावरून धार मारण्यात अर्धे पाणी वाया जाते. सकाळी ऊन चढण्याआधी किंवा संध्याकाळी उतरल्यावर पाणी द्यावे. मोठ्या झाडाचे आळे बुंध्याला चिकटून नसावे. दुपारी बाराला झाडाची सावली जिथपर्यंत पडते तिथे गोल चर काढावा, कारण पाणी शोषणारी बारीक मुळे तिथवर पसरलेली असतात. पाणी द्यायचे की नाही हे बोट सांगते. माती दोन पेरे खोल उकरा. आत ओल असेल तर आज पाणी नको.

आच्छादन करा. वाळलेला पाला, भाताचा पेंढा, तूस, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते दोन-तीन इंच जाड पसरावे. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी. वाळवीचा त्रास असेल तर कडुनिंबाचा पाला किंवा पेंड मिसळावी. आच्छादनाखाली माती गार राहते, तण कमी येते आणि रोजचे पाणी दोन-तीन दिवसांवर जाते. पाला जाळू नका. जे जाळता तेच आच्छादन आहे.

मडक्याची युक्तीही करून बघा. पाच-सात लिटरचे, रंग न दिलेले, पाझरणारे मातीचे मडके घ्या. ते वाफ्याच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा आणि झाकणी ठेवा. भोवती दुधी, दोडका, काकडी, कारले यांच्या बिया टोका. माती कोरडी झाली की मडके पाझरते, ओली असली की थांबते. तीन-चार दिवसांनी एकदा भरले की पुरे. भरताना पाणी गाळून घ्या, म्हणजे भोके बुजणार नाहीत. गावाला जाणाऱ्यांना ही युक्ती फार सोयीची.

उल्हासनगरच्या बराकीत किंवा सदनिकेत राहणाऱ्यांना परस कुठला? त्यांनी कुंड्या एकमेकींजवळ, दुपारची सावली येईल अशा ठेवाव्यात. कुंडीच्या तळाला नारळाच्या शेंड्यांचा थर द्यावा, तो पाणी धरून ठेवतो. उंच झाडाखाली लहान कुंडी ठेवली की वरचे झिरपलेले पाणी खालचीला मिळते. ताटलीत मात्र पाणी साचू देऊ नये. वातानुकूलन यंत्राचे पाणीही कुंड्यांना चालते.

झाड निवडताना शहाणपण ठेवा. हिरवळीच्या गालिच्याला पाणी फार लागते. त्यापेक्षा शेवगा, कढीपत्ता, सीताफळ, आणि आपल्या बदलापूरचे नामांकित जांभूळ लावा. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर लावलेले रोप चार महिन्यांत मूळ धरते. पहिले दोन उन्हाळे सांभाळले की ही झाडे फारसे मागत नाहीत.

पागोळ्यांचे पाणी

एक सोपा हिशेब सांगतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. तुमचे छप्पर ५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५४० चौरस फूट धरा. आपल्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटर. गळती, उडालेले, वाया गेलेले पाचवा हिस्सा वजा केले तरी चार महिन्यांत एक लाख लिटर होतात. दहा हजार लिटरचे दहा टँकर तुमच्या पागोळीतून वाहून जातात.

साधी सोय अशी. छपराच्या कडेला पन्हळ लावा, तिला उतार द्या, आणि खाली झाकणाच्या पिंपात पाणी घ्या. तोंडाला कापड बांधा. पहिले एक-दोन पाऊस छप्पर धुण्यातच जाऊ द्या. वीस मिलिमीटरच्या एका सरीत ८०० लिटर, म्हणजे २०० लिटरची चार पिंपे भरतात. हे पाणी कपडे, भांडी, संडास यांना वापरा. गढूळपणामुळे नळ बंद असतो त्या दिवसांत ते फार उपयोगी पडते. पिण्याला वापरू नका. छपरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील किंवा जवळ रसायनांचे कारखाने असतील तर मुळीच नको.

पण खरे सांगायचे तर जुलैत भरलेल्या चार पिंपांनी मे महिना निघत नाही. त्यासाठी पाणी जमिनीत मुरवले पाहिजे. गच्चीचे पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून विहिरीत किंवा कूपनलिकेत सोडता येते. मोठ्या नव्या इमारतींना ही सोय नियमानेच करावी लागते. आपल्या इमारतीत ती आहे का, आणि असली तर तिची गाळणी शेवटची कधी धुतली, हे विचारा. अंगणात सगळीकडे फरशी आणि काँक्रीट करू नका, थोडी माती उघडी ठेवा. साबणाचे, गाड्या धुतलेले किंवा गटाराचे पाणी विहिरीत जाणार नाही याची काळजी घ्या. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०६० साली, वालधुनीच्या काठी बांधले गेले. आज त्या नदीच्या पाण्याची काय दशा आहे, हे पुलावरून जाताना नाकाला कळते. जमिनीखालचे पाणी एकदा नासले तर ते नदीपेक्षाही उशिरा सुधारते.

शेतकऱ्यांसाठी : शेवटचे पाणी अडवा

बदलापूर-अंबरनाथच्या आसपास भात आणि भाजीपाला करणाऱ्या शेतकरी बंधूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे ऐन पावसाळ्यात जमीन तुडुंब असते, तेव्हा अडवलेले पाणी पुढे निघून जाते. किंमत आहे ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शेवटच्या पाण्याला. नाल्याची धार बारीक झाली, की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, तोंडे शिवून, त्या विटांसारख्या सांधे चुकवून आडव्या रचाव्यात. हाच वनराई बंधारा. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेने ही पद्धत महाराष्ट्रात गावोगाव नेली. दहा-पंधरा माणसांनी श्रमदान केले तर लहान नाल्यावरचा बंधारा दिवसात उभा राहतो. काठच्या विहिरींचे पाणी त्यामुळे पुढे टिकते, गुरांची सोय होते.

भात कापल्यावर अंगच्या ओलीवर वाल, हरभरा घ्यावा. कापणी आणि पेरणी यांत दिवस घालवू नयेत, ओल उडून जाते. भेंडी आणि वेलभाज्यांना पाटाने पाणी सोडण्यापेक्षा ठिबक करावे. ते जमत नसेल तर सरीआड सरी पाणी द्यावे.

आम्ही एकट्याने वाचवून काय होणार?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कारखान्यांना पाणी लागते, फुटलेल्या जलवाहिनीतून कारंजी उडतात, आणि आम्ही पेला अर्धा भरायचा? प्रश्न रास्त आहे. जलवाहिनी फुटलेली दिसली तर नगरपालिकेत, महापालिकेत किंवा जीवन प्राधिकरणाच्या कचेरीत लेखी कळवा आणि पोच घ्या. महिला मंडळाने, सोसायटीने मिळून पाठपुरावा करा. तो आपला हक्क आहे.

पण घरचे पाणी राखण्याचा फायदा लांबच्या कोणाला नाही, आपल्याच नळावर होतो. कपातीच्या दिवसांत पाणी ठरावीक वेळ सुटते. वरच्या वीस घरांनी शिळे पाणी ओतले नाही, मोटार लावली नाही, टाकी वाहू दिली नाही, तर त्याच वेळात खालच्या टोकाला दाब पोचतो. तिथल्या मुलीला हंडा घेऊन दुसऱ्या गल्लीत जावे लागत नाही, तिची शाळा बुडत नाही. त्या टोकाला उद्या आपणही असू शकतो.

वर्षाचे वेळापत्रक

मे : पन्हळी, गच्ची आणि गाळणी साफ करा. टाकी धुवा.
जून : झाडे लावा. पहिला पाऊस जाऊ द्या, मग पाणी धरा.
जुलै-ऑगस्ट : पिण्याचे पाणी उकळा. कोरडा दिवस चुकवू नका.
सप्टेंबर-ऑक्टोबर : शेवटचे पाणी अडवा, बंधारे घाला.
नोव्हेंबर : वाल पेरा. आळी बांधा.
डिसेंबर-जानेवारी : पाला जमवा, आच्छादन करा. मडकी पुरा.
फेब्रुवारी : नळांचे वॉशर बदला.
मार्च-एप्रिल : पाण्याच्या रेघा पुन्हा मारा. हिशेब जास्त आला तर कारण शोधा.

सगळे एकदम करायला जाऊ नका. उद्या सकाळी नळाला पाणी येईल तेव्हा कालचा हंडा ओतण्याआधी क्षणभर थांबा, आणि ते पाणी कोणत्या कामाला लागेल ते बघा. एवढ्यापासून सुरुवात करा. हे पत्रक मोरीजवळच्या भिंतीवर लावून ठेवा, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहील.